वाळीत टाकणं हा छळच होता

जुन्नर-आंबेगावच्या बाजूला ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की एक म्हणणं हमखास पुढे येतं. येरुशलेमात पेत्राला धमकावलं, स्तेफनाला धोंड्यांनी मारलं, रोममध्ये श्रद्धावंतांना जनावरांपुढे टाकलं. पण ते सारं तिकडचं. आपल्याकडे श्रद्धेपायी कुणाचा छळ झालेला नाही. इथले पहिले ख्रिस्ती पोटासाठी गेले, नाहीतर साहेबाच्या मर्जीसाठी. त्यांच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. फार तर वाळीत टाकलं, आणि परत यायचं म्हटलं असतं तर दार उघडंच होतं.

मी वारकरी घरातला. ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही मनात नाही. तरीही या म्हणण्याला उत्तर दिलंच पाहिजे. ते इतिहासाला धरून नाही. आणि ज्या तालुक्यात आळे आणि ओतूर आहेत, तिथल्या माणसाने तर ते तोंडी आणूच नये.

आधी येरुशलेमचंच पाहू, कारण ती गोष्टही पुष्कळांनी अर्धीच ऐकलेली असते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाप्रमाणे मंदिराच्या दाराशी भीक मागणारा एक जन्माचा पांगळा बरा होतो, लोक जमतात, पेत्र आणि योहान त्यांच्याशी बोलू लागतात. याजक, मंदिराचा सरदार आणि सदूकी पंथाचे लोक येऊन दोघांना धरतात आणि रात्रभर अटकेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी हन्ना, कयफा आणि वडीलधाऱ्यांची न्यायसभा बसते. बरा झालेला माणूस समोरच उभा असल्याने आरोप ठेवायला जागा राहत नाही. मग सभा त्या दोघांना बाहेर घालवते आणि आपसांत ठरवते, की येशूच्या नावाने पुन्हा कुणाशी बोलायचं नाही अशी धमकी द्यावी. फटके पुढे आले, स्तेफनावरचे दगड त्याच्याही पुढे. सुरुवात ताकिदीने झाली होती.

योहानाच्या शुभवर्तमानातली एक हकिगत याहून जवळची आहे. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या जन्मांधाच्या आईबापांना परूशी बोलावून घेतात आणि विचारतात, हा तुमचाच मुलगा ना, मग आता याला दिसतं कसं? आईबाप म्हणतात, मुलगा आमचाच, आंधळाच जन्मला होता. पण कसं दिसू लागलं ते त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. असं तुटक उत्तर देण्याचं कारणही तिथेच दिलेलं आहे. येशूला ख्रिस्त मानणाऱ्याला सभास्थानातून बहिष्कृत करायचं, असं आधीच ठरलं होतं. पोटच्या पोराला डोळे आले आणि आईबापांना तो आनंद चारचौघांत बोलता येईना. या प्रसंगात एकही धोंडा उचलला गेलेला नाही. तरी हा छळ होता हे कुणी नाकारत नाही. मग तोच न्याय कुकडी आणि घोड या नद्यांच्या काठी का बदलावा?

आळ्याला रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मसभेपुढे ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याने परतीच्या वाटेवर इथे देह ठेवला अशी आपली परंपरा. तिथे यात्रा भरते, लोक माथा टेकतात, मीही टेकतो. पण ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं मुळात पैठणला का गेली होती? विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्याच आज्ञेने संसारात परतले होते. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांचं घर वाळीत टाकलं. मुलांच्या मुंजी होईनात. विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारलं, तर देहान्त सांगण्यात आलं. आणि परंपरा सांगते की त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ते घेतलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता पोरकी झाली, आणि पोरकी झाल्यावरही शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. आईबापांनी जीव दिल्यानंतरसुद्धा धर्मपीठाचं समाधान झालं नव्हतं, लेकरांकडून वेगळा पुरावा हवा होता. या सबंध कथेत कुणी तलवार उपसलेली नाही. आपण हात जोडतो ती समाधी त्या बहिष्कारामुळेच या गावात आहे. ‘फार तर वाळीत टाकलं’ हे शब्द आळेफाट्यावर उभं राहून कुणी कसे काय उच्चारू शकतो?

ओतूरचंही तसंच. मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वराशेजारी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी ज्यांना गुरू म्हटलं त्या बाबाजी चैतन्यांचं हे ठिकाण असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. त्या तुकोबांना शूद्राने वेदार्थ सांगू नये म्हणून दटावलं गेलं आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. बहिणाबाईंनी ब्राह्मण असून तुकोबांना गुरू मानलं, म्हणून मंबाजीने त्यांना देहूत कसं छळलं ते त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलं आहे. धर्मसत्ता श्रद्धावंताला दम देते हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. वारकऱ्यांच्या बाबतीत आपण त्याला छळ म्हणतो आणि डोळे पुसतो. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत तीच गोष्ट आली की ‘गावाने धर्म राखला’ असं म्हणतो. माझं भांडण या दुजाभावाशी आहे.

वाळीत टाकणं सौम्य वाटतं ते ज्याला कधी गावाची गरज पडत नाही त्याला. घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाताना डोंगरउतारावर भाताची खाचरं दिसतात. एकट्या घराच्या बळावर ती बांधली जात नाहीत. महादेव कोळ्यांच्या गावांत त्यासाठी पडकई होती: आज तुझ्या खाचराला सगळ्यांनी यायचं, उद्या माझ्या. आवणीच्या दिवसांतही तसंच, पावसाने मोजके दिवस दिलेले असतात आणि तेवढ्यात रोपं लागली नाहीत तर वर्षाचं भात गेलं. अशा गावात ज्याच्या घरी कुणी जायचं नाही असं ठरतं, त्याचं पहिल्यांदा शेत पडतं. मग पाणवठा बंद होतो. न्हावी येत नाही, सुतार औत भरून देत नाही, पोरीला स्थळ येत नाही. घरात मयत झालं तर तिरडीला चार खांदे मिळत नाहीत. कुणाच्याही अंगाला हात न लावता घर बसवण्याची ही रीत आहे, आणि ती मुद्दाम तशी घडवलेली आहे, म्हणजे कुणा एकाकडे बोट दाखवता येऊ नये.

आता उघड्या दाराचं बोलू. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचा, त्याच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. बापाने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. मुलगा अज्ञान होता, कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केलं. इंग्रजांचं कोर्ट मिशनरी म्हणतील तसंच वागायचं असं समजणाऱ्यांनी हा निकाल लक्षात घ्यावा. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याने मिशनऱ्यांच्या घरचं अन्न खाल्लं होतं, एवढाच त्याचा दोष. पोर घरी परतलं, बाप त्याला पोटाशी धरायला तयार होता. आणि तिथे जात आडवी आली. याला पंक्तीत घ्यायचं नाही, प्रायश्चित्त देऊनही घ्यायचं नाही, असं म्हणणारा मोठा पक्ष उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. ‘दर्पण’ काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, शास्त्र जाणणारे बाळशास्त्री. त्यांनी मुलाला धर्म सोडायला सांगितलं नव्हतं, धर्मात परत घ्या म्हणून सांगितलं. त्यांच्यावरही बहिष्काराचं हत्यार उगारलं गेलं.

हे शांतपणे पुन्हा वाचावं. परत आलेल्या पोराचं दार अडवलेलं, आणि दार उघडा म्हणणाऱ्या विद्वानालाही बहिष्काराची धमकी. थोरला भाऊ नारायण पुढे रेव्हरंड झाला. त्याने जालन्याजवळ बेथेल वसवलं आणि मांग-महारांत आयुष्य घालवलं. त्याला कुणी ‘परत ये’ म्हटलं असतं तर त्याने धाकट्याकडे बोट दाखवलं असतं.

या जागी शिवनेरीची आठवण होते. मोगलांनी मुसलमान केलेल्या नेताजी पालकरांना शिवछत्रपतींनी १६७६ साली परत घेतलं. नऊ-दहा वर्षं परधर्मात, परमुलखात राहिलेला, बादशहाची चाकरी केलेला सरदार परत येऊ शकला. त्यानंतर जवळपास पावणेदोनशे वर्षांनी बारा वर्षांचं पोर परत येऊ लागलं, तर चार घास खाल्ल्यापायी त्याचं दार अडवलं जात होतं. जुन्नरकरांनी महाराजांचा वारसा सांगायचा असेल तर यांतला कोणता न्याय आपला, हे आधी ठरवावं.

आणि हा दरारा काही ख्रिस्ती होणाऱ्यांपुरताच नव्हता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस मंडळी निघाली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. पण कुठे? दाराला कडी लावून. मोठमोठे शिकलेले लोक तिथे होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. नावं कळली, एवढ्यावर एक चळवळ संपली. पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशांनी ‘पुणे वैभव’मध्ये छापवली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आणि १८९२ पर्यंत पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, धुमसत राहिलं. पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेल्या रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ज्यांना कुणी रस्त्यात अडवू शकत नव्हतं अशा माणसांना एका पेल्यापायी दोन वर्षं जाब द्यावा लागला, तर गावातल्या एकट्यादुकट्या कुटुंबाचं काय झालं असेल याचा अंदाज करायला फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही.

पोटासाठी गेले, हा आरोप तर फारच उथळ आहे. बेळगावचे बाबा पदमनजी खाऊनपिऊन सुखी अशा कासार घरातले. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी गमावलं ते घर, आप्त आणि संसार. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्या तुटण्याची कळ जाणवल्याशिवाय राहत नाही. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. नवरा जिवंत असून संसार मोडलेली बाई म्हणून त्यांनी काढलेली वर्षं ‘स्मृतिचित्रे’त आहेत, आणि मराठीत त्याहून खरं पुस्तक मला ठाऊक नाही. त्यांनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी पुढे १९१७ साली मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. पोटासाठी गेलेला माणूस पगार सोडतो का?

राहिले ते गरीब. आणे घाटाच्या पलीकडे, नगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं, आणि दुष्काळांच्या वर्षांत महार-मांगांची पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली हे खरं आहे. भुकेचा त्यात वाटा होता हेही मी नाकारत नाही. पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पोहरा टाकू दिला जात नव्हता, ज्याच्या पोराला शाळेच्या ओसरीबाहेर बसावं लागत होतं, त्याने पोरासाठी शाळा आणि स्वतःसाठी नाव शोधलं तर त्याला ‘पोट’ म्हणून हिणवायचा अधिकार कुणाला? त्याला तिकडे जाऊन सगळं मिळालं असंही नाही, जात चर्चमध्येही त्याच्या पाठीमागून गेली. आणि गावात राहून ख्रिस्ती होणाऱ्या महाराला बलुतं तुटण्याची भीती होतीच. पोटासाठी जाणारा माणूस मिळत असलेली भाकरी धोक्यात घालतो, हे त्या आरोपात बसत नाही.

एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळणं बरोबर नाही. येरुशलेमात पेत्राच्या पाठीशी कुणी नव्हतं. इथे मिशनऱ्यांच्या पाठीशी राज्यकर्त्यांचा धर्म होता, दबदबा होता, छापखाने होते, आणि त्यांतल्या काहींनी आपल्या देवांबद्दल जे लिहिलं ते आजही वाचवत नाही. हे खरं आहे. त्या लिखाणाचा राग मलाही येतो. पण राज्यकर्त्यांचं संरक्षण कुठवर पोहोचत होतं ते त्यांच्याच कायद्यांवरून दिसतं. धर्म किंवा जात सोडल्याने वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा १८५० साली करावा लागला. कुणाचा वाटा बुडवलाच जात नव्हता तर तो कशाला हवा होता? मग १८६६ साली दुसरा कायदा आला: धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला विवाह मोडून घेता येईल. इतकी घरं फुटली होती की सरकारला त्यांच्यासाठी तरतूद करावी लागली. कोर्ट जमिनीचा तुकडा देऊ शकत होतं. रुसलेली आई, तोंड फिरवणारा भाऊ, माहेरी अडकवून ठेवलेली बायको कोर्टाला परत आणता येत नव्हती. मिशनऱ्याच्या कुरूप लिखाणाचा राग त्याच्यावर काढावा. कासाराच्या पोराच्या संसारावर तो काढण्यात कसला धर्म?

यावर कुणी म्हणेल की मी फक्त हिंदू धर्मपीठांना दोष देतो आहे. तसं नाही. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, चाललं; आणि त्याचा सर्वांत कडक पहारा होता तो नव्याने ख्रिस्ती झालेल्या कोकणी माणसांवर. दारात तुळस आहे का, लग्नात जुने सोपस्कार केले का, यावर नजर. १७३६ च्या फर्मानात अशा रीतिभातींची लांबलचक बंदी आहे. तिथे श्रद्धावंताला धमकावणारी सत्ता चर्चचीच होती. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर लखलखीत आहे. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांना तिथवर नेणाऱ्या सिस्टर जेराल्डिननेच त्यांच्याकडून चर्चच्या आज्ञेपुढे मान तुकवण्याची अपेक्षा धरली. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून आलेली बाई दुसरीचं जोखड मानेवर घेणार नाही. पुण्याचे सनातनी आणि इंग्लंडातली मठवासी बाई या दोघांच्याही पुढे त्या सारख्याच ताठ उभ्या राहिल्या. म्हणून प्रश्न कोणत्या धर्माचा हा नाहीच. कुणी कशावर विश्वास ठेवावा हे ठरवण्याचा हक्क पीठ, पंच किंवा पाद्री यांच्याकडे आहे का, एवढाच आहे.

आणि या भागात माणसाने श्रद्धा बदलणं ही काही मिशनऱ्यांनी आणलेली नवी गोष्ट नव्हे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. इरिल, चिट, चंद. दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशचे हे लोक नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात राहिले, बुद्धाच्या संघाला त्यांनी पाण्याची टाकी आणि मंडप दिले, आणि त्यांची नावं इतरांच्या नावांबरोबर त्याच दगडात राहिली. लेण्याद्रीच्या एका विहारात आज गिरिजात्मज बसला आहे. अष्टविनायकाला जाणारा प्रत्येक माणूस पायऱ्या चढून बौद्ध भिक्खूंच्या या लेण्यांतच येतो. अशा डोंगराच्या पायथ्याशी ‘इथला धर्म कधी बदललाच नाही’ असं सांगणाऱ्याने आधी तेवढ्या पायऱ्या चढून याव्यात.

जुनं का उकरता, असाही प्रश्न येईल. जुनं असतं तर मी लेखणी उचलली नसती. मुंबई राज्याने १९४९ साली जातीतून वा पंथातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला; सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. पुढची पन्नासहून अधिक वर्षं जातपंचायतींना रोखणारा खास कायदा राज्यात नव्हता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा २०१६ मध्ये मंजूर केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. जातीला किंवा समाजाच्या पंचांना मान्य नसलेली गोष्ट केली म्हणून कुणाला लग्नकार्यात, मयतीत, पाण्यावर, देवळात, दुकानात वेगळं पाडणं हा त्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा फक्त बहिष्कार टाकणाऱ्याला नाही, टाका म्हणून चिथावणाऱ्यालाही आहे, आणि त्यासाठी बोलावलेली बैठक जिल्हाधिकारी थांबवू शकतात. जुन्नर किंवा आंबेगावच्या एखाद्या वाडीत कुणा कुटुंबाने रविवारी प्रार्थना सुरू केली म्हणून त्यांच्याकडे जाणं-येणं बंद करा असं कुणी मंचावरून सांगत असेल, तर तो या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. तिथे बसलेल्या एखाद्या माळकऱ्याने उठून त्याला हे सांगावं, आणि त्या घरच्या आवणीला सगळ्यांच्या आधी जावं.